घरी जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड (आपल्याच मशीनवर फोटो-फाइली ठेवायचं, गूगल ड्राइव्हसारखं सॉफ्टवेअर) टाकलं. वायफायवर झकास चालतं, पण बाहेरून उघडतच नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी लॅपटॉपकडे वळवायची सेटिंग) केलंय. काय चुकतंय? (राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला.)

बहुतेक तुमचं काहीच चुकलेलं नाही. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) काय दिसतो तो बघा. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून जो आकडा येतो तो बघा. दोन्ही वेगळे असतील तर बहुधा तुम्ही सीजीनॅटच्या (एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवायची कंपनीची पद्धत) मागे आहात. वॅन आयपी 100.64 ते 100.127 यांतल्या कशानेही सुरू होत असेल तर शंकाच नको. आयपीव्ही4 (इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे) पत्ते संपत आलेत म्हणून कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. म्हणजे सोसायटीच्या गेटचा पत्ता सगळ्यांना माहीत, पण तुमचा फ्लॅट नंबर वॉचमनकडे नाही. तुम्ही आपल्या दाराची कडी कितीही काढून ठेवा, पाहुणा गेटवरूनच परत जाणार.

आमच्याकडे ऐरोलीलाही हेच होतं. कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचाच, न बदलणारा पत्ता) मिळतो, पण घरगुती वापरासाठी मी तो घेणार नाही. पैशांपेक्षा धास्ती मोठी: पोर्ट जगाला उघडा ठेवला की काही तासांत कुठले कुठले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) पासवर्ड ठोकून बघायला लागतात.

त्यापेक्षा टेलस्केल टाका, ते तुमची उपकरणं कुठूनही एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं. आतून ते वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे. लॅपटॉपवर आणि घरच्या प्रत्येक फोनवर एकाच खात्याने लॉगिन करायचं, पोर्ट उघडायचाच नाही. वैयक्तिक वापराला फुकट आहे. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तपासा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून उघडलं तर जिंकलात. फोटो बाहेरच्यांनाही लिंकने दाखवायचे असतील तर क्लाउडफ्लेअर टनेल (त्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे लॅपटॉपपर्यंतची वाट) आहे, पण त्याला स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) लागतं आणि फुकटच्या प्लॅनमध्ये एका अपलोडला 100 एमबीची मर्यादा आहे. लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात.

फक्त फोनमधले फोटोच ठेवायचे असतील तर नेक्स्टक्लाउडऐवजी इमिच (खास फोटो-व्हिडिओंसाठीचं असंच सॉफ्टवेअर) बघा. चेहऱ्यावरून फोटो शोधणं त्यात फार छान जमतं, रॅम मात्र किमान 6 जीबी हवी.

लॅपटॉप घेतलात ते बरं केलंत, वीज गेली तरी बॅटरीवर चालू राहतो. पण राऊटर बंद पडला तर त्याचा उपयोग काय? राऊटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. बॅटरी फुगलेली दिसली तर ती काढूनच टाका, हा लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला राहणार आहे. विजेची काळजी नको: 15 वॉट धरले तरी महिन्याला 11 युनिटच्या आसपास.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. बॅकअप कुठे आहे? लॅपटॉपमधली एकच डिस्क म्हणजे क्लाउड नव्हे, आणि दोन डिस्कचं रेड (दोन्हीवर एकाच वेळी तोच डेटा लिहायची सोय) लावलं तरी तो बॅकअप होत नाही. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्हीकडून एकदम जातो. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा कॉपी करा (नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस, म्हणजे त्याची नोंदवहीसुद्धा, नुसत्या फाइली नव्हे) आणि ती डिस्क डोंबिवलीला, कल्याणला, जिथे नातेवाईक असतील तिथे ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) असू द्या. आणि एकदा तरी त्या कॉपीवरून फोटो परत आणून बघा. हे होईपर्यंत गूगलवरचे फोटो पुसू नका.