कन्सील्ड कॅरीसाठी आखूड नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर: कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्ड आहे, रात्री दहाला दुकान बंद करून एकटे गाडीपर्यंत जाता, शर्टाखाली लपेल असं दोन इंची नळीचं .३५७ मॅग्नम (हे एका जोरदार काडतुसाचं नाव) रिव्हॉल्व्हर हवंय, आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलंय की जितकं हलकं तितकं चांगलं.

हलकं घेऊ नका. एवढं एक वाक्य घेऊन गेलात तरी माझं लिहिणं कामी आलं.

मीही रात्री दुकान बंद करणारीच. फार्मासिस्ट आहे, शहराच्या नैऋत्येला एका स्ट्रिप मॉलमध्ये माझी छोटी फार्मसी आहे. आमच्याकडे चोर येतो तो गल्ल्यासाठी येत नाही, हायड्रोकोडोन आणि कोडीनच्या सिरपसाठी, म्हणजे नशा चढणाऱ्या औषधांसाठी, येतो. काउंटरवर कोणी मागितलं तर मी देऊन टाकणार, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. रिव्हॉल्व्हर आहे ते मागच्या दारापासून गाडीपर्यंतच्या चाळीस पावलांसाठी. तुमचंही तेच दिसतंय, म्हणून लिहायला बसले. आणि दुसरं कारण म्हणजे ‘जितकं हलकं तितकं चांगलं’ हे वाक्य मी आधी घरातच ऐकलंय.

२०१६ च्या दिवाळीत पाडव्याला नवऱ्याने मला ओवाळणीत रिव्हॉल्व्हर घातलं. निवड त्याची नव्हती, माझ्या मोठ्या दिरांची होती. भाऊजी डॅलसला असतात, वीस वर्षं शूटिंग करतात, आणि या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाईच्या हाताला वजन नको, पण गोळी दमदार हवी, म्हणजे सगळ्यात हलकं मॅग्नम, असा त्यांचा हिशेब. कंपनीचं नाव घेत नाही, मोठी आहे. मिश्रधातूची बॉडी, टायटॅनियमची चक्री (काडतुसांची घरं असलेला फिरता भाग), पाच गोळ्या, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. दुकानातला माझा मोठा स्टेपलर साधारण तेवढाच भरेल. हातात घेतल्यावर मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

रविवारी सगळे शूटिंग रेंजवर गेलो. भाऊजींनी पाचही घरांत १५८ ग्रेन वजनाच्या गोळीची, पूर्ण ताकदीची मॅग्नम काडतुसं भरली. म्हणाले, जे बाळगणार तेच उडवून बघ. पहिली गोळी सुटली तेव्हा आवाजाच्या आधी मला जाणवला तो अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीला बसलेला फटका, जणू कोणी तिथे लाटणं मारलं. दुसऱ्या गोळीला तीच जागा फुटली, रबरी मुठीवर रक्त लागलं. तिसऱ्या वेळी गोळी सुटायच्या आधीच माझा हात दचकला आणि नेम सात यार्डांवर कागदाच्या बाहेर गेला. चौथ्या वेळी चाप ओढला तर तो हललाच नाही.

मला वाटलं माझ्या बोटातली ताकद गेली. परत ओढला, नाही. रेंज ऑफिसर आला, नळी लक्ष्याकडेच ठेवून त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि बाजूने बघितलं. उरलेल्या दोन काडतुसांपैकी एकाची गोळी पुंगळीतून (काडतुसाच्या पितळी कवचातून) पुढे सरकून चक्रीच्या तोंडाबाहेर आली होती, फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्याने चक्री अडली. पितळी सळईने ते टोक मागे ढकलत, हळूहळू ठोकत, दहा-बारा मिनिटांनी त्याने ती उघडली. खोकी उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात काम उरकणाऱ्या त्या माणसाला दहा मिनिटं लागली. पार्किंगमध्ये मला किती मिळाली असती?

भाऊजी म्हणाले, “हात ढिला सोडलास तू. मूठ घट्ट हवी.” त्यानंतर दर गणपतीत, दर दिवाळीत ही गोष्ट निघते आणि तिचा शेवट ‘हिच्या हाताला मॅग्नम झेपलं नाही’ असाच होतो.

तर आता नीट सांगते काय झालं होतं. एसटी एकदम सुटली की दांडी न धरलेला माणूस जागच्या जागी राहतो, म्हणजे बसच्या हिशेबात मागे पडतो. गोळी उडते तेव्हा रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं, त्याच्याबरोबर चक्रीतल्या बाकीच्या पुंगळ्याही मागे खेचल्या जातात, पण त्यांच्यातल्या जड शिशाच्या गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीच्या तोंडाची चिमटी पुरेशी घट्ट नसेल तर गोळी दर झटक्याला थोडी थोडी बाहेर येते. बंदूक जेवढी हलकी, तेवढा झटका जोरात. माझा हात ढिला असता तरी ते व्हायला हलकेपणा कारण होता, आणि माझा हात ढिला नव्हता. मूठ घट्ट होती म्हणूनच कातडी फुटली.

मुळात हे काडतूस अशा बंदुकीसाठी जन्मलेलंच नाही. .३५७ मॅग्नम आलं १९३५ साली, आणि ज्या रिव्हॉल्व्हरसाठी आलं ते मोठ्या बॉडीचं, किलोच्या वर वजनाचं होतं. १८९८ च्या .३८ स्पेशल या सौम्य काडतुसाची पुंगळी साधारण साडेतीन मिलिमीटर लांब केली, ती मुद्दाम, म्हणजे जुन्या .३८ च्या बंदुकीत ती चुकून बसू नये. गोळीची जाडी दोन्हीत तीच. म्हणून .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ बिनधास्त चालतं, उलट चालत नाही. हे तुम्हाला माहीत असेलच, पण माझ्या उत्तराचा अर्धा भाग याच्यावरच उभा आहे.

बंदुकीचं वजन निम्मं केलं की तीच गोळी तिला दुप्पट ऊर्जेने मागे फेकते. हे हिशेबाचं काम आहे, बाई-पुरुषाचं नाही. त्यात नळी दोन इंची. १२५ ग्रेनची मॅग्नम गोळी चार इंची नळीतून सेकंदाला चौदाशे फुटांच्या वर जाते, दोन इंचीतून त्यातले दोनेकशे फूट सहज गळतात, कारण दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडलेली असते. उरलेली नळीच्या तोंडाशी जळते. तो जाळ अंधारात तुमचेच डोळे दिपवतो, आणि आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतो. पार्किंगमध्ये तुमच्या कानांवर मफ नसणार.

मी ते रिव्हॉल्व्हर विकलं. नवरा काही बोलला नाही, बोलला असता तरी विकलं असतं. त्या पैशांतून रुगर एसपी१०१ घेतलं, सव्वादोन इंची, पाच गोळ्यांचं, सगळं स्टील, वजन ७४० ग्रॅमच्या आसपास. त्यात .३८ स्पेशल प्लस पी (म्हणजे थोड्या जास्त दाबाचं .३८) भरलं, स्पीरची १३५ ग्रेनची, आखूड नळीसाठीच बनवलेली. चाप जड होता, म्हणून रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) घालून पंचवीस वेळा ओढायचे, पुढच्या साइटवर (नेमाच्या माशीवर) एक नाणं ठेवून. नाणं पडलं की परत पहिल्यापासून. तीन महिन्यांनी नाणं पडायचं थांबलं.

२०१७ मध्ये लायसन्स टू कॅरीची (टेक्ससच्या बंदूक बाळगायच्या परवान्याची) परीक्षा त्याच रिव्हॉल्व्हरवर दिली. पन्नास गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्ड, अडीचशेपैकी १७५ ला पास. मला २४१ मिळाले. आमच्या बॅचला मी सोडून सगळे पिस्तूलवाले होते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निशाण्याच्या कागदाचा फोटो टाकला. भाऊजींचं उत्तर आलं: “छान. पण मॅग्नमने नाही ना?”

नाही, मॅग्नमने नाही. आजही नाही. लागलेली .३८ चुकलेल्या .३५७ पेक्षा कधीही जास्त कामाची, आणि हे त्यांना वीस वर्षांच्या शूटिंगनंतर माझ्याकडून ऐकायचं नसेल तर इथे वाचावं.

आता तुमचं. स्टीलचं घ्या, सहाशे ग्रॅमच्या खाली जाऊ नका. एसपी१०१ घेणार असाल तर तीन इंची नळीचं बघा. दोन इंचीत रिकाम्या पुंगळ्या ढकलणारा दांडा आखूड असतो, मॅग्नमच्या लांब पुंगळ्या पुरत्या बाहेर पडत नाहीत, नखाने ओढाव्या लागतात. पाऊण इंचाने लपवण्यात काही फरक पडत नाही, लपवायला त्रास देते ती मूठ आणि चक्री, नळी नाही. स्मिथ अँड वेसनचं ६४० पण स्टीलचं आहे, घोडा आत झाकलेला, शर्टात अडकत नाही, खिशातून काढायचं असेल तर तेच. सहा गोळ्या हव्यात तर किंबर के६एस. रुगर एलसीआरचं .३५७ मॉडेल ४८५ ग्रॅमचं आहे, चाप या सगळ्यांत गुळगुळीत, मूठही चांगली, पण त्यात मी मॅग्नम भरणार नाही, आणि भरणार नसाल तर .३८ चंच मॉडेल घ्या, आणखी हलकं मिळेल. इथे माझंच म्हणणं मी मोडतेय असं वाटेल. नाही, .३८ ला हलकेपणा बराच सोसतो. आधी उडवून बघा, मग पैसे द्या. ह्यूस्टनच्या बहुतेक रेंजवर भाड्याने मिळतात.

.३५७ चं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ च चालवायचं तर मग .३५७ कशाला, असं कोणी विचारेल. जास्तीच्या स्टीलसाठी. .३८ ला तेवढी जड बॉडी मिळाली की ते लोण्यासारखं चालतं. फक्त एक: .३८ खूप उडवल्यावर चक्रीच्या घरांत, पुंगळी संपते तिथे, काजळीचं कडं धरतं, आणि नंतर कधी लांब मॅग्नम भरायला गेलात तर ते तिथे अडतं. दर वेळी ब्रश फिरवा.

वजनाची तक्रार कराल तर बेल्ट बदला. लोक हजार डॉलरचं रिव्हॉल्व्हर घेतात आणि कापडी पट्ट्यावर लटकवतात. मी दुकानात पांढऱ्या कोटाखाली जाड चामड्याचा पट्टा लावते, दिवसभरात कधी जाणवत नाही. वाचणाऱ्या बायकांना सांगते, पर्समध्ये टाकू नका. पर्स हिसकावून नेतात, काउंटरवर विसरते, आणि लेकरं चॉकलेट शोधायला हात घालतात. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. घरी आल्यावर आधी रिव्हॉल्व्हर तिजोरीत, मग चप्पल. टेक्ससमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी.

हे आधी सांगायला हवं होतं, राहिलं. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात म्हणून हे सगळं लागू. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनो, हे उत्तर तुमच्यासाठी नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक जवळ बाळगताच येत नाही, मित्राची रेंजवर हातात धरणंही अंगाशी येऊ शकतं, आणि त्यात व्हिसा जातो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्यांना लायसन्सशिवायही कॅरी करता येतं, तरी लायसन्स काढाच. परीक्षेपेक्षा तो वर्ग जास्त कामाचा: ३०.०६ ची (लपवलेली बंदूक आत आणू नका सांगणारी) पाटी काय, बारमधली ५१ टक्क्यांची पाटी काय, कुठे बाहेर गाडीतच ठेवायचं, हे तिथे कळतं. न्यू जर्सीला एडिसनकडे नातेवाइकांकडे जाताना हे सामान बरोबर नेऊ नका. टेक्ससचं लायसन्स तिथे चालत नाही, आणि पोकळ टोकाची गोळी अंगावर बाळगणं तिथे लायसन्सवाल्यालाही चालत नाही. भारतातून वाचणाऱ्यांनी तर यातलं काहीच धरू नये, तिथे शस्त्र कायदा वेगळा, परवाना वेगळा.

आणि भाऊजींसारखा हात असेल, मोठा, वर्षानुवर्षं तयार झालेला, तर स्टीलच्या तीन इंचीमधून मॅग्नम नीट उडवता येईल, हेही खरं. माझं म्हणणं फक्त साडेतीनशे ग्रॅमच्या त्या बंदुकीबद्दल आहे. पुढच्या दिवाळीला मी तशीच एक रेंजवर भाड्याने घेणार आहे. पाच मॅग्नम भरून त्यांच्या हातात देणार आहे, आणि पाचही उडेपर्यंत शेजारी उभी राहणार आहे.

तुम्ही पहिल्या दिवशी मॅग्नमचा डबा नेऊच नका. .३८ ची साधी पन्नास काडतुसं, कानात फोमचे बोळे आणि वर मफ. दहा उडवल्यावर हाताकडे बघा, मग कोणतं घेतलंत ते इथे खाली लिहा.