पुन्हा बर्फावर मासेमारी: गॅरेजमधलं काय ठेवायचं, काय नवं घ्यायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या बॅरी शहरात नोकरीत असताना लेक सिमको या तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरायचात, मग निवृत्त होऊन बडोद्याला आलात, आणि आता बऱ्याच वर्षांनी हिवाळाभर लेकीकडे जाताय. तिच्या गॅरेजमध्ये बर्फाला भोक पाडायचा, हाताने फिरवायचा ऑगर, तीन रॉड, जुना फ्लॅशर (भोकाखालचे मासे दाखवणारं सोनार यंत्र) आणि बूट पडून आहेत. सगळं नवं घ्यायचं का? आणि जावई म्हणतोय तसा, पोहणारे मासे स्क्रीनवर दाखवणारा लाइव्ह सोनार घ्यावा का?

माझ्या मते पैसा खालून वर खर्च करा. आधी पाय, मग भोक, मग दोरी, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

बूट दिसायला ठणठणीत असतील, पण आतलं फेल्टचं अस्तर वर्षानुवर्षांत दबून पातळ होतं आणि दबलेलं अस्तर ऊब धरत नाही. निदान अस्तर तरी नवं घ्या. तळवा कडक होऊन तडकला असेल तर बूटच बदला, अर्धा नंबर मोठा. घट्ट बुटात जाड मोजे कोंबले की बोटं जास्त गारठतात. हे सगळं तिकडेच घ्या. मंगळबाजारात मिळणारे लोकरी कपडे बडोद्याच्या थंडीचे, ते बर्फावर आतला एक थर म्हणून ठीक. कातड्याला सुती काहीही लागू देऊ नका, घाम धरून ठेवतं. वरचा सूट मात्र नवा घ्याच, आणि तरंगणारा घ्या. तुमच्या वेळी तो महाग आणि अवजड होता, आता बऱ्यापैकी हलके मिळतात. आपल्या वयात त्याच्याशिवाय मी तरी उतरत नाही. गळ्यात आइस पिकची जोडी (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायचे टोचे), बुटांना न घसरण्यासाठी खिळ्यांचे क्लीट, आणि हातात टोकदार लोखंडी पहार.

पहारेवर थोडा थांबतो, कारण तुमचा जुना अंदाज इथे दगा देईल. जानेवारीत अमुक ठिकाणी बर्फ असतोच, हे गृहीत आता धरता येत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीच्या मध्यावर ग्रेट लेक्सवरचं बर्फाचं आच्छादन त्या दिवसांसाठी नोंदीतलं सर्वांत कमी होतं, आणि सिमकोवाल्यांचाही तो हंगाम वाईट गेला. एकट्याने चालायला स्वच्छ, निळसर बर्फ किमान १० सेंटीमीटर हवा असं जुनं गणित आहे. कॅनडाचं रेडक्रॉस १५ सांगतं, मीही १५ च धरतो. पांढरट, बर्फवृष्टीचं पाणी मुरून झालेला बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, तिथे जाडी दुप्पट हवी. जाताना पहार आपटत जा. ती एका घावात आरपार गेली तर आलात तसेच मागे फिरा.

आता ऑगर. हातऑगर फेकू नका, पण त्याची पाती बदला. घरी कानस लावून धार काढायच्या भानगडीत पडू नका. पात्याचा कोन जरा बिघडला की ते बर्फ कापत नाही, नुसतं घासत बसतं. त्याच कंपनीची, त्याच मापाची पाती घ्या. खांदे कुरकुरत असतील तर आताची चांगली सोय म्हणजे ब्रशलेस बॅटरी ड्रिलला जोडायचा हलका ऑगर. जावयाकडे १८ व्होल्टचा दणकट, बाजूला दांडा असलेला ड्रिल असेल तर निम्मं काम झालंच. वरती रुंद चकती बसवा, नाहीतर जोड सुटला की ऑगर थेट तळाला. ड्रिलची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. १५ सेंटीमीटरचं भोक पर्च आणि व्हाइटफिश या माशांना पुरतं. लेक ट्राउटवर नजर असेल तर २० चं पाडा.

रॉड तिन्ही ठेवा. दोरी मात्र सगळी काढून टाका. जुना तंगूस रिळावर वेटोळी धरून बसतो आणि थंडीत ती उलगडतच नाहीत. पर्चसाठी ४ पाउंडी (तेवढा ताण सोसणारा) तंगूस पुरे. विणलेली दोरी पाणी ओढून गोठते, ती तंबूत शेगडी असेल तरच.

रिळाबद्दल एक नवी गोष्ट. तुमच्या काळच्या स्पिनिंग रिळावरून दोरी कडेने सुटते आणि प्रत्येक वेढ्यागणिक पीळ खाते. मग खाली हलकं जिग (वजन लावलेला गळ) गरगर फिरत राहतं आणि पर्च नुसता बघून निघून जातो. इनलाइन रिळावर दोरी सरळ सुटते, उत्तरायणात फिरकीवरून मांजा सुटतो तशी. पर्चसाठी असं एक रीळ घ्याच, अगदी महागडं नको.

फ्लॅशर चालू होतोय का बघा. बहुतेक बॅटरीच मेलेली असेल, यंत्र नाही. शिशाच्या जड बॅटरीऐवजी १२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या आणि तिचाच चार्जर वापरा. शून्याखाली ती चार्ज करायची नाही, गॅरेजमधून घरात आणा. इथून बॅटरी नेऊ नका. विमानात १०० वॉट-अवरच्या वर एअरलाइनची परवानगी लागते आणि १६० च्या वर नेताच येत नाही.

लाइव्ह सोनार, म्हणजे गार्मिनने २०१८ मध्ये आणलेलं लाइव्हस्कोप आणि त्याच्या पठडीतले बाकीचे, आडव्या दिशेने मासा पोहताना दाखवतात. भोकामागून भोकं पाडत पर्चचा थवा शोधणाऱ्याला ते वरदान आहे. बॅरीजवळच्या केम्पेनफेल्ट बे या सिमकोच्या उपसागरात २०-२५ मीटर खोलीवर एका जागी बसून व्हाइटफिशची वाट बघायची तर खाली बघणारा जुना फ्लॅशर पुरतो. नातू बरोबर असेल तर तो स्क्रीनच बघत बसेल, हेही आहेच. जावयाला हौस असेल तर त्याने घ्यावा.

तंबूत प्रोपेनची शेगडी लावणार असाल तर वरची-खालची झडप उघडी आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. शेगडीतल्या ऑक्सिजन सेन्सरवर भिस्त नको. खायला थर्मासात गरम उसळ न्या आणि शेव वेगळी. लीलो चिवडाही चालतो, पण हातमोजे घालून खाता येत नाही.

आणि परवाना. ६५ पुढच्यांना ओंटारियोत ओळखपत्रावर मासेमारी करता येते हे तुमच्या लक्षात असेल, पण ती सवलत कॅनडात राहणाऱ्यांना. तुम्ही आता पाहुणे, तेव्हा अनिवासी परवाना काढावा लागेल. मासे मोजकेच ठेवणार असाल तर त्यातला स्वस्त, ‘कॉन्झर्वेशन’वाला घ्या. लेकीला आधीच ऑनलाइन बघायला सांगा, आणि लेक ट्राउट-व्हाइटफिशच्या चालू हंगामाच्या तारखाही त्याच वेळी तपासायला सांगा.