जुनी क्लासिक गाडी बाळगण्यात आणि तिच्याशी खटपट करत बसण्यात एवढं काय असतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या होत्या ती माणसं त्यांच्याबद्दल इतकी हळवी होऊन का बोलतात, आणि आज तशी एखादी घेऊन स्वतः दुरुस्त करत बसण्यात अर्थ आहे का. संस्थानिकांच्या रोल्स, बुइक वगैरेंमधलं मला काही कळत नाही. माझा सगळा अनुभव प्रीमियर पद्मिनीचा. डिकीवर काहीही नाव असो, आमच्या घरात आणि गल्लीत ती शेवटपर्यंत 'फियाट'च होती. तेव्हा उत्तर तिच्यापुरतंच समजा.

आधी एक स्पष्ट करतो. ती आमच्याकडे होती तेव्हा तिला कोणी क्लासिक म्हणत नव्हतं. बाबांनी ती सेकंडहँड घेतली, कारण नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्या काळी पर्याय तरी किती? अँबॅसिडर, फियाट, आणि हौस असेल तर स्टँडर्ड. अँबॅसिडर साहेबांची आणि पुढाऱ्यांची, फियाट डॉक्टर-वकील-प्राध्यापकांची, अशी एक ढोबळ वाटणी होती. आम्ही त्यातल्या कशातच बसत नव्हतो. बाबांना अँबॅसिडर गल्लीत वळवायला जड वाटली, एवढंच.

मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. ती आपल्याकडे बनायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी, ती लोकांच्या तोंडी 'डुक्कर फियाट'. मग १९६४ पासून डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात तिचंच पद्मिनी असं बारसं झालं. ग्रिल बदललं, दिवे बदलले, आतली सीट बदलली. बॉनेटखाली मात्र १०८९ सीसीचं जवळपास तेच इंजिन २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत.

आता हे ग्राहक म्हणून बघितलं तर संताप येण्यासारखं आहे. पस्तीस-एक वर्षं तीच गाडी, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं तेच कार्ब्युरेटर, तोच क्लच. पण माझ्या आठवणींमधलं जे काही गोड आहे ते नेमकं ह्याच्यातून आलेलं आहे. गाडी बदललीच नाही, म्हणून तिच्याबद्दलची माहिती साठत गेली. सावंतवाडीपासून नागपूरपर्यंत कुठल्याही गावात, स्टँडच्या मागच्या टपरीत, तिचं कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलणारा एक तरी माणूस असायचाच. आणि गॅरेजचं सोडा, पोस्टातले कारकून, शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, बाजूचे निवृत्त आजोबा, सगळ्यांना थोडं थोडं कळायचं. बॉनेट उघडून उभं राहिलं की पाच मिनिटांत तिघे जमत आणि तिघांची तीन निदानं. त्यातलं एक बहुतेक वेळा बरोबर निघे.

खटपट म्हणजे काय करायचो ते सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. गाडी सकाळी उचकत सुरू व्हायला लागली, चढाला दम खायला लागली, की बाबांचा पहिला संशय पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्यांवर. प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला दोन क्लिपा असतात. त्या सोडवायच्या, झाकण वायरींसकट बाजूला ठेवायचं, रोटर उपसून काढायचा. आत पॉइंटची जोडी. रोजच्या ठिणग्यांनी एका बाजूला बारीक खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा आलेला असे. पॉलिश पेपरची घडी मधे धरून दोन्ही बाजू घासायच्या, पेट्रोलच्या फडक्याने पुसायच्या. मग फट जुळवायची. त्यासाठी पॉइंटची फायबरची टाच मधल्या फिरत्या दांडीवरच्या कॅमच्या अगदी उंच टोकावर यायला हवी, म्हणजे इंजिन हाताने जरासं फिरवायला हवं. ते काम माझं. इग्निशन बंद, गाडी चौथ्यात, आणि मी मागून ढकलतोय बोटभर, अजून बोटभर. बाबा बॉनेटमध्ये वाकलेले. "हं… हं… बस्स!" मग अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी अशी फट. फट मोजायचं फीलर गेज घरात होतं, पण ते कायम सापडत नसे, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डवर भागायचं.

प्लगच्या वायरी काढल्या असतील तर लावताना एक-तीन-चार-दोन. हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम मला पाढ्यांच्या जोडीने पाठ झाला आणि पाढ्यांपेक्षा जास्त टिकला.

इटालियन गाडी असल्यामुळे तिला मिलिमीटरचे पाने लागत. शेजारच्या काकांची अँबॅसिडर मूळची इंग्रज, तिला इंचाचे. दोघांकडे भरपूर हत्यारं, पण एकमेकांना उपयोग शून्य. तरीही दर रविवारी दोन्ही बॉनेटं उघडी आणि मधल्या कठड्यावर चहाचे कप. आतून आई विचारायची, "गाडी बिघडली आहे का?" बिघडलेली नसायचीच बहुधा. टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपांचा, आवाज जरा वाढलाय असं बाबांना वाटलेलं असायचं.

आवाजावरून आठवलं. आमचे मिस्त्री भाड्याच्या एका खोलीत गॅरेज चालवायचे. त्यांच्याकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. इंजिन चालू ठेवून त्याचं टोक ब्लॉकवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, आणि टोक जागोजाग हलवत जायचे. चेहऱ्यावर काही नाही. मग टोक एका जागी थांबायचं. "वॉटर पंपाचं बेअरिंग. दोन महिने काढेल. घाटात नेऊ नका." एकदा मला कान लावायला दिला. मला सगळीकडे सारखीच खडखड ऐकू आली. हे कान यायला वेळ लागतो, आणि मला ते पूर्ण कधी आलेच नाहीत. तरी पट्टा सैल झालाय की सायलेन्सरचा जोड फुंकतोय, एवढं आजही रस्त्यावरच्या गाड्यांचं ओळखता येतं.

घाटाचं म्हणाल तर त्याच्याशिवाय फियाटची कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही. द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हा मुंबईहून पुण्याला येताना खोपोली सोडली की बोरघाट, आणि मे महिना असला तर निम्म्या चढावर गाडी गपगार. टाकीत पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी आहे, तरी इंजिन घेत नाही. होतं असं की पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटून बसवलेला. हळू चाललेल्या गाडीत वारा कमी, इंजिन तापलेलं, त्या धगीने पंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडं. ह्याला एअर लॉक म्हणायचे सगळे, खरं तर ते व्हेपर लॉक. उपाय मात्र सगळ्यांना एकच ठाऊक : पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, त्यावर पाणी शिंपडायचं, आणि गाडीतल्यांनी पाय मोकळे करायचे. रेडिएटरचं झाकण उघडायचा मोह मात्र आवरायचा. घाईने उघडणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिलेत.

घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी बाबा एरवीही नाणं टाकायचेच. एका उन्हाळ्यात गाडी नेमकी तिथेच, देवळाच्या अलीकडे थांबली. आजी मागच्या सीटवरून म्हणाली, "मागच्या खेपेला तू चार आणे टाकलेस, तो विसरला नाही." फडकं ओलं करायला पाण्याची बाटली शोधली तर ती माझ्या धाकट्या बहिणीने पिऊन संपवलेली. शेवटी मागून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरने त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं, वर "साहेब, सेकंडलाच राहू द्या, टॉपचा नाद करू नका" असा सल्ला दिला आणि निघून गेला.

चालवायला ती कशी होती? गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. पहिल्याला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवणारी सोय, नाही, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकला तर जी काही करकर व्हायची, ती ऐकून रस्त्यावरची कुत्री उठायची. पुढे सलग सीट, त्यामुळे तिघं आरामात. पॉवर ब्रेक नाहीत, पॉवर स्टेअरिंग नाही. डायनामो असलेल्या जुन्या मॉडेलात रात्री सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडत पडत निखाऱ्यावर येत, रेस दिली की पुन्हा उजळत. आणि दाराच्या काचेपुढची ती तिकोनी काच. ती फिरवून तुमच्याकडे वळवली की वारा थेट छातीवर. एसीच्या गाड्यांत बसून मला अजून त्या काचेची सवय सुटलेली नाही, हात तिथे जातोच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तिथे मी थोडा कडू बोलणार आहे.

फियाटचं जे राज्य चाललं ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर. हजारो काळ्या-पिवळ्या फियाट रोज चोवीस तास धावायच्या, म्हणून ऑपेरा हाउसच्या बाजूला आणि आमच्याकडे नाना पेठेत तिचा बारीकसारीक पार्ट मिळायचा. नवा नाही तर जुना, जुना नाही तर कुणीतरी लेथवर बनवलेला. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली, म्हणजे ऑक्टोबर २०२३ संपता संपता रस्त्यावरून ती जमात अधिकृतपणे गेली. वर्तमानपत्रांत भावुक लेख आले. मला त्यात टॅक्सीपेक्षा स्पेअरची चिंता जास्त वाटली. गिऱ्हाईक गेलं की दुकानदार माल कशाला ठेवेल? पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट अजून मिळतात. दाराचे रबर, काचांच्या पट्ट्या, चांगली मागची काच ह्यांसाठी मात्र हिंडावं लागतं, आणि मिळालं तर सांगेल ती किंमत.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली की टाकीला आतून गंज. शिवाय हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, मग कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, एक नंबर मोठा करून बघावा लागतो. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते एकदा तापून वाकलं की पुढचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. पाइप आणि पडदा आल्या आल्या बदला, ही पहिल्या दिवसाची कामं.

कागदपत्रांबद्दल गैरसमज फार आहेत. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी तिच्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तुम्हाला रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं असेल तर तिच्या नादी लागू नका. साधीच नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा, पर्यावरण कर भरा. दिल्लीकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, तिथली स्वस्त गाडी बघून हुरळू नका.

आणखी एक, हे निव्वळ माझं मत. हल्ली लोक फियाट घेतात, तिला आइस्क्रीमचे रंग देतात, अलॉय चाकं, लाल लेदर, आणि वर्षातून दोनदा लग्नात नवरदेवासाठी बाहेर काढतात. त्यांचे पैसे, त्यांची हौस. पण अशा गाडीशी खटपट होत नाही, तिला फक्त पुसता येतं. माझ्या पाहण्यात सगळ्यात देखणी फियाट होती ती एका गावच्या डॉक्टरांची. रंग उडालेला, सीटवर खादीचं कापड, आणि इंजिन इतकं साफ लागलेलं की ती चालू आहे हे सायलेन्सरला हात लावून बघावं लागायचं.

तरीही घ्यायचीच म्हणत असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी मिस्त्री शोधा, मग गाडी. साठीच्या पुढचा, फियाटवर हात बसलेला, आणि तुम्हाला शेजारी उभं राहू देणारा. तो नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बघायला जाताना त्यालाच सोबत न्या. इंजिनावर भाळू नका, इंजिन बांधता येतं. मॅट उचलून फ्लोअर बघा, दारांच्या खालच्या कडा आणि पायदानाच्या पट्ट्या नखाने टोकरा. लोहचुंबक न्या. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा संपलाय आणि नुसती लांबी (पुट्टी) भरलीय. मालकाला म्हणावं, आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका. थंडगार इंजिन चोक ओढून कितव्या झटक्याला घेतं, घेतल्यावर धूर निळा येतो का, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय खिशात हात घालू नका.