वाचक विचारतात : ऑस्ट्रिया तगवायचा कसा?

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या की आपल्याकडे डिप्लोमसी या बैठ्या खेळाचे पट उघडतात. या वेळच्या पत्रांत एकच देश पुन्हा पुन्हा येतो, म्हणून हे पान त्यालाच दिले आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: 1901 चा युरोप, सात देश, फासा नाही. प्रत्येक आर्मीची किंवा फ्लीटची ताकद एक. शेजारच्याने सपोर्ट दिला की दोन. बरोबरी झाली तर बाउन्स, म्हणजे कोणीच हलत नाही. वर्षाला वसंत आणि शरद अशा दोन चाली, मोजणी शरदानंतर. पटावर 34 सेंटर, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागा, आहेत; जितकी सेंटर तितक्या आर्मी आणि फ्लीट. 18 मिळवणारा जिंकतो.

आम्ही सात जण खेळतो. ऑस्ट्रिया ज्याच्या वाट्याला येतो तो 1902 मध्येच आटोपतो. पटाचाच दोष आहे का? (हर्णै)

जागा अवघड आहे, हे खरेच. सुरुवातीला व्हिएन्ना आणि बुडापेस्टला आर्मी, ट्रिएस्टला फ्लीट. ट्रिएस्टला इटलीचे व्हेनिस थेट लागून आहे, आणि दोन वेगळ्या देशांची घरची (सुरुवातीची) सेंटर अशी एकमेकांना चिकटलेली पटावर दुसरीकडे कुठेच नाहीत. उत्तरेला गॅलिशिया; तिथे रशिया बसला की व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. जंजिऱ्याच्या सिद्दीला भोवतालच्या पाण्याने तारले. पटावर तसे पाणी इंग्लंडला मिळते, ऑस्ट्रियाला नाही.

पण सर्बिया आणि ग्रीस ही दोन मोकळी सेंटर ऑस्ट्रियाइतकी कोणाच्याच हाताशी नाहीत. तीनाची पाच 1901 मध्येच होऊ शकतात. तुमच्याकडे ऑस्ट्रिया बुडतो तो बहुधा पहिली ऑर्डर (चालीची चिठ्ठी) लिहिण्याआधीच. हा गडी स्वतःहून कोणाकडे बोलायला जात नाही, आणि मग इटली, रशिया, तुर्कस्तान आपापसात बोलून मोकळे होतात. पहिल्या चालीआधी अर्धा तास ठेवा आणि त्यातला निम्मा एकट्या इटलीला द्या.

नेमकी पहिली चाल कोणती खेळावी? (देवरुख)

फ्लीट ट्रिएस्टहून अल्बानियाला, बुडापेस्टची आर्मी सर्बियाला. शरदात सर्बियाची आर्मी जागेवर राहून फ्लीटला ग्रीसमध्ये शिरायला सपोर्ट देते. सर्बिया तुमचे झालेच, ग्रीसही होते. बल्गेरियातून तुर्काने ग्रीसवर चाल केली तरी दोनास एक असा तोच हरतो. त्याने सर्बियावर चाल केली तर मात्र सपोर्ट तुटतो. तरीही ग्रीस मिळते, फक्त त्याच वेळी आयोनियन समुद्रातून इटलीचे फ्लीट ग्रीसवर यायला नको. म्हणून इटलीशी आधी बोलायचे.

खरा प्रश्न व्हिएन्नाच्या आर्मीचा. तिला गॅलिशियाला पाठवली तर वॉर्साहून येणारा रशिया बाउन्स होतो. तिला ट्रिएस्टला पाठवली तर व्हेनिसहून येणारी इटली बाउन्स होते. एका आर्मीने दोन्ही दारे बंद होत नाहीत, त्यामुळे ज्याचा भरवसा कमी त्याचे दार धरा. आमचे मत गॅलिशियाच्या बाजूने आहे. रशियाला सरळ सांगा, दोघेही तिथे चाल लिहू आणि बाउन्स करू. या करारात फसायला जागा नाही. पहिल्या चालीत रशियाला तिथे सपोर्ट देऊ शकेल अशा जागी कोणीच नसतो, त्यामुळे तुम्ही ऑर्डर लिहिली की तो आत येऊच शकत नाही.

इटलीचा अजिबात विश्वास नसेल तर फ्लीट व्हेनिसवर लिहा. समोरून व्हेनिसची आर्मी ट्रिएस्टवर येत असेल तर दोघे जागच्या जागी राहतात. पण मग 1901 मध्ये ग्रीस मिळणे कठीण. वाढ एकाच सेंटरची.

रशियाने शब्द दिला म्हणून व्हिएन्नाची आर्मी हलवली नाही, आणि तो गॅलिशियात आला. शरदात व्हिएन्ना वाचवू की बुडापेस्ट? मी व्हिएन्ना धरून बसलो, बुडापेस्ट गेले. (वेंगुर्ले)

दोन्ही वाचत होती. तुमची आर्मी व्हिएन्नात, दुसरी सर्बियात, बुडापेस्ट रिकामे, ही मांडणी नीट बघा. नुसते व्हिएन्ना धरले तर तो बुडापेस्टला जातो. व्हिएन्नाहून बुडापेस्टला गेलात आणि तो व्हिएन्नावर आला, तर व्हिएन्ना जाते. अशा वेळी दोन्ही आर्मींना बुडापेस्टलाच जायची ऑर्डर द्यायची. त्या एकमेकींना बाउन्स करतात आणि दोघी आपापल्या जागी राहतात. रशिया बुडापेस्टवर आला तर तिघांचा बाउन्स. व्हिएन्नावर आला तर तिथे तुमची आर्मी आहेच, एकास एक, तो परत. सर्बियातली आर्मीही हललेली नसते, त्यामुळे मोजणीत सर्बिया तुमचे.

यात ग्रीसचा सपोर्ट जातो. फ्लीट बिनसपोर्टचे पाठवा. तुर्काने किंवा आयोनियन समुद्रातून इटलीने ग्रीसवर चाल केली तरच ते अडेल. आणि ही युक्ती कधी फसतेही. टायरोलियात इटलीची आर्मी असेल आणि तिने रशियाला व्हिएन्नासाठी सपोर्ट दिला, तर व्हिएन्ना गेलेच.

इटलीला द्यायला माझ्याकडे काही नसते. मग ती माझे का ऐकेल? (श्रीवर्धन)

तिला तुर्कस्तान द्या. ऑस्ट्रिया संपला की तिच्या शेजारी रशिया नाहीतर तुर्क येतो, आणि ते ट्रिएस्टवर थांबत नाहीत. हे बोलून तिच्यासमोर चालींचा कागदच ठेवा: वसंत 1901 मध्ये व्हेनिस जागेवर, रोमची आर्मी आपुलियाला, नेपल्सचे फ्लीट आयोनियन समुद्रात. शरदात त्याच फ्लीटवरून समुद्र ओलांडून आर्मी ट्युनिसला, आणि नेपल्सला नवे फ्लीट. वसंत 1902 मध्ये आयोनियनचे फ्लीट पूर्व भूमध्य समुद्रात, नेपल्सचे त्याच्या जागी. शरदात ट्युनिसची आर्मी या दोन फ्लीटवरून थेट सीरियात. तोवर तुम्ही बल्गेरियावर दाब ठेवायचा. तुर्क कॉन्स्टँटिनोपलचा सपोर्ट घेऊन बसला तर त्याची ताकद दोन. सर्बियाहून चाल, ग्रीसच्या फ्लीटचा सपोर्ट आणि रुमेनियातल्या रशियाचा सपोर्ट मिळून तुमची तीन.

पहिल्या चालीनंतर रोमची आर्मी कुठे गेली ते बघा. आपुलियाला गेली तर इटली बहुतेक शब्द पाळते आहे. व्हेनिसची आर्मी टायरोलियात आणि रोमची व्हेनिसला आली असेल तर ट्रिएस्टवर दोनच्या ताकदीची चाल येणार. तेव्हा व्हिएन्नाहून ट्रिएस्टवर सर्बियाच्या सपोर्टने चाल लिहा. दोनास दोन, बाउन्स, ट्रिएस्ट तुमचेच.

पाच सेंटर झाली, तर नवीन काय बांधावे? (मालवण)

दोन्ही आर्मी. ट्रिएस्टला फ्लीट बांधलेत की इटलीचा करार त्याच दिवशी संपला असे समजा. आर्मी रिकाम्या घरच्या सेंटरवरच बांधता येते, म्हणून शरदात व्हिएन्नात कोण उभे राहणार ते आधीच ठरवा.

ऑर्डरच्या चिठ्ठीवरून आमच्यात भांडणे होतात. (राजापूर)

सपोर्टमध्ये कोण, कुठून आणि कुठे हे तिन्ही लिहायचे. "सर्बिया सपोर्ट ग्रीस" अशी चिठ्ठी चालत नाही, ती आर्मी नुसती उभी राहते. "आर्मी सर्बिया : अल्बानियाहून ग्रीसला जाणाऱ्या फ्लीटला सपोर्ट" असे पूर्ण लिहा. पेन्सिल वापरा, दमट हवेत शाईची चिठ्ठी घडीत फुटते आणि अल्बानियाचे काय लिहिले होते यावर पुन्हा वाद.