पाटी हॅचरीची, पिल्लं कुठली? कुक्कुटपालकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा ओसरला की पिल्लं आणायची लगबग सुरू होते, आणि आठवड्याभरात ती मेल्याचे फोन. या वेळी आलेल्यांपैकी चार प्रश्न घेतो, बाकीचे याच जातकुळीतले आहेत.

प्रश्न (जत): आठवडी बाजाराजवळच्या एका हॅचरीतून गावरान म्हणून शंभर एकदिवसीय पिल्लं आणली. पाचव्या दिवसापर्यंत पंचवीसेक मेली. शेपटीखाली पांढरी विष्ठा चिकटलेली दिसते. दुकानदाराने अँटिबायोटिक दिलंय, रोज डोस वाढवत न्या म्हणतो.

ती बाटली आधी बाजूला ठेवा. डोस रोज वाढवत न्यायचं कुठलंही अँटिबायोटिक नसतं. पांढरी हगवण असेल तर तिचे जंतू आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात येतात. औषधाने मर थोडी थांबल्यासारखी वाटते, पण जगलेली पिल्लं रोग अंगात घेऊनच मोठी होतात. पुढे तुम्ही त्यांचीच अंडी उबवायला घालता. आज मेलेली दोन-तीन ताजी पिल्लं पिशवीत घालून, बर्फावर ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथून नमुना पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत पाठवता येतो. काय झालंय ते कळल्यावरच औषध. आणि त्या बाटलीवर कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं नाव लिहिलंय का तेही बघा. जनावरं-कोंबड्यांसाठी त्यावर २०१९ पासून बंदी आहे.

बिल बघितलंत का? बहुतेक वेळा नसतंच. पाटीवर हॅचरी लिहिलं म्हणून ती हॅचरी ठरत नाही. हॅचरी म्हणजे अंडी उबवणी केंद्र. तिथे तपासलेल्या पैदाशीच्या कळपाची अंडी येतात, १८ दिवस सेटरमध्ये (अंडी फिरवत उबवणारं यंत्र) आणि शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये (पिल्लं निघतात ते यंत्र) राहतात, आणि निघालेलं पिल्लू केंद्राबाहेर जायच्या आधी त्याला मरेक्स या विषाणूच्या रोगाची लस टोचतात. एकदिवसीय पिल्लं आणून तीन-चार आठवडे सांभाळून विकतं ते मदर युनिट. टोपलीत पिल्लं ठेवून विकतो तो व्यापारी, दुकानावर काहीही लिहिलेलं असो. बिलावर उबवणी केंद्राचं नाव, पिल्लं निघाल्याची तारीख आणि मरेक्स टोचल्याची नोंद नसेल तर पिल्लं घेऊ नका. स्वस्त असली तरी घेऊ नका.

राहिलेल्या पिल्लांना ऊब नीट द्या. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय. कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. पहिल्या आठवड्यातली निम्मी मर मी थंडीनेच झालेली पाहिली आहे, आणि तिच्यावर दुकानदार औषध विकतो.

प्रश्न (संगमनेर): ऑनलाइन शंभर अंड्यांचं यंत्र घेतलं. दोन वेळा अंडी लावली, दोन्ही वेळा पस्तीसच्या आसपास पिल्लं निघाली. विकणारा म्हणतो तापमान एक-दीड अंशाने वाढवा आणि फॉर्मेलिनची डबल धुरी द्या.

दोन्ही करू नका. पुन्हा सांगतो, दोन्ही करू नका.

पिल्लं कितव्या दिवशी निघाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यातच आहे. १९-२० व्या दिवशी निघाली, नाळ नीट मिटलेली नाही, पिल्लं बारीक, असं असेल तर तापमान आधीच जास्त आहे. २२-२३ व्या दिवसापर्यंत लांबली असतील तर कमी आहे. हवं ३७.५ ते ३७.८. दीड अंश वाढवलंत तर उरलेली पस्तीसही हातची जातील. स्वस्त यंत्रांच्या पडद्यावरच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. औषधाच्या दुकानातला ताप बघायचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून ताडून बघा. ९९.५ ते १०० फॅरनहाइट यायला हवं.

आता अंडी कुठून आणली ते सांगा. किराणा दुकानातली पांढरी अंडी कोणी लावलीच तर त्यातून काही निघणार नाही, त्या कोंबड्यांजवळ कोंबडाच नसतो. गावातली गोळा केलेली असतील तर किती दिवसांची? सात दिवसांपर्यंतची घ्या, थंड जागी रुंद टोक वर करून ठेवलेली. फ्रीजमधली नकोत, धुतलेलीही नकोत. पाण्याने पुसलेल्या कवचातून घाण आत जाते आणि अठराव्या दिवशी यंत्रात अंडं फुटलं की वासाने घर सोडायची वेळ येते.

आर्द्रता पहिले १८ दिवस ५५-६० टक्के, नंतर ६५-७० च्या वर. अंडी दिवसातून निदान तीन-चार वेळा फिरवायची आणि अठराव्या दिवशी फिरवणं बंद. त्यानंतर झाकण उघडायचं नाही. एखादं पिल्लू चोच बाहेर काढून बसलंय म्हणून त्याला कवच सोलून मदत करायची घाई होते, तेवढ्यात आतली ओल निघून जाते आणि बाकीच्यांच्या अंगावर पडदा चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. लालसर शिरांचं जाळं आणि मध्ये ठिपका दिसला तर जीव आहे. स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं निर्बीज, लाल कडं दिसलं तर आतला जीव मेलाय, काढून टाका. निर्बीज जास्त निघाली तर दोष कोंबड्याचा, यंत्राचा नव्हे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा लागतो.

आता धुरीबद्दल, जी जंतू मारायला देतात. शंभर घनफुटाला ४० मिली फॉर्मेलिन आणि २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हा एकेरी डोस आहे, आणि तो मोठ्या उबवणी केंद्रातल्या बंद खोलीसाठी आहे. अंडी लावल्यापासून २४ ते ९६ तासांच्या मधे धुरी दिली तर आतला जीव मरतो, डबल दिली तर प्रश्नच नाही. तो वायू तुमच्याही फुप्फुसात जातो. घरातल्या यंत्राला धुरी नकोच. अंडी स्वच्छ निवडा, यंत्र दर खेपेला धुऊन उन्हात वाळवा, एवढं पुरे.

खरं सांगायचं तर वर्षाला दीड-दोनशे पिल्लं लागणाऱ्या माणसाने यंत्र घ्यावं हेच मला पटत नाही. घरात दोन-तीन खुडूक कोंबड्या असतील तर रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. एकीखाली दहा-बारा अंडी, टोपलीत खाली राख, वर वाळलेलं गवत, जागा अंधारी आणि मांजर न पोचणारी. ती अंडी स्वतः फिरवते, वीज गेली तरी उठत नाही, पिल्लांना ऊबही तीच देते. बसवण्याआधी तिच्या पंखाखालच्या गोचिडी-पिसवा काढा, नाहीतर ती अर्ध्यातून उठते. दोघी-तिघी एकाच दिवशी बसवल्या तर पिल्लं एका वयाची होतात आणि लसीकरण एकदम उरकतं: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची लस), १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस, २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. लस बर्फात आणा, डोळ्यात एक थेंब, दोन तासांत बाटली संपवा. थेंब दोन टाकल्याने काही जास्त होत नाही.

प्रश्न (माळशिरस): कडकनाथची पिल्लं देतो, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, असं एका कंपनीचा माणूस म्हणतोय. घ्यावीत का?

नाही. २०१९ साली सांगलीकडे याच बोलीवर हजारो शेतकरी बुडाले, गुन्हे दाखल झाले, पैसे अडकले. तुमची अंडी उबवून त्यांची पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकायची, एवढाच तो धंदा असतो. नवा शेतकरी मिळायचा थांबला की अंडी घ्यायला कोणी येत नाही. कडकनाथ कोंबडी वर्षाला शंभरेक अंडी देते, त्या हिशोबाने पदरात काय पडतं ते स्वतः मांडा. हौस असेल तर मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, वीस-पंचवीस पाळा, विक्री स्वतः करा.

प्रश्न (वर्धा): स्वतःची छोटी हॅचरी काढायची आहे. अनुदान आहे का? चांगली पिल्लं कुठे मिळतील?

राष्ट्रीय पशुधन अभियानात आहे: किमान १,००० पैदाशीचे पक्षी, उबवणी आणि मदर युनिट मिळून प्रकल्प, ५० टक्के अनुदान, कमाल २५ लाख, दोन हप्त्यांत, अर्ज अभियानाच्या पोर्टलवर. बाकी अटी पशुसंवर्धन कार्यालयात विचारा.

पिल्लांसाठी राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. तुम्हाला नागपूर जवळ. मागणी महिनाभर आधी नोंदवा. आज फोन करून उद्या पिल्लं मिळत नाहीत, अंडं २१ दिवस घेतंच.

प्रकल्प अहवाल मात्र यंत्र विकणाऱ्याकडून करून घेऊ नका. तो शंभर अंड्यांतून नव्वद पिल्लं धरतो आणि निर्बीज अंडी, वीज, मर यांचा रकाना कोरा ठेवतो. सत्तर धरून हिशोब करा. तरीही कर्जाचा हप्ता निघत असेल तर बँकेत जा.