वाचकांचे प्रश्न : ज्युरी, अपील आणि साठ दिवस

प्रश्न : मुंबईच्या सत्र न्यायालयाने माझ्या धाकट्या भावाला दहा वर्षांची शिक्षा सुनावली आहे. ज्युरीच्या काळात, म्हणजे सामान्य नागरिकांचे मंडळ आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवत असे तेव्हा, वस्तुस्थितीवर अपीलच होत नसे, असे वडील सांगतात. आता काय स्थिती आहे?

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ज्युरीने दोषी ठरवल्यास अपील केवळ कायद्याच्या मुद्द्यावर चाले. म्हणजे न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा चुकीचा समजावून सांगितला हे दाखवता आले, तरच तो कौल उलटवण्याची आशा असे, आणि साक्षीदारावर विश्वास ठेवणे कितीही अयोग्य वाटले तरी तेवढ्याने भागत नसे. मला ती तरतूद आरोपीवर अन्याय करणारी वाटते. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात उलट घडले होते : ज्युरीने निर्दोष ठरवलेल्या आरोपीला मुंबई उच्च न्यायालयाने १९६० मध्ये दोषी ठरवले. १९७३ च्या संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही.

आपल्या भावाच्या अपिलात उच्च न्यायालय संपूर्ण पुरावा नव्याने तपासू शकते. मुदत ६० दिवसांची आहे. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते, ती आजच मागा. शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, असा अर्ज अपिलासोबतच करावा. वकील परवडत नसल्यास तुरुंगातूनही अपील पाठवता येते आणि विधी सेवा प्राधिकरण वकील देते.