शेवटच्या बाकावरचा मान

"नम्र व्हायला जातो आणि नम्र झाल्याचाच गर्व चढतो. आता प्रार्थना तरी काय करू?" महिन्यातून एकदा तरी मला हे कोणी ना कोणी विचारतं. बहुतेक जण चर्चच्या मंडळीत वर्षानुवर्षं सेवा केलेले असतात. त्यांना मी एका निवृत्त मुख्याध्यापकांबद्दल सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर नगर जिल्ह्यातले. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. त्यामुळे इकडे चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती घराणी आहेत आणि "आमच्या पणजोबांनी चर्चचे दगड वाहिलेत" हा खास इकडचा ताठाही आहे. सरांकडे तो होताच, शिवाय 22 वर्षं रविवारच्या उपासनेची पेटी त्यांच्याच हातात होती. नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू आले, त्यांनी कीबोर्ड आणला आणि वाजवायला 24 वर्षांचा एक मुलगा बसवला. सरांनी चर्चला जाणं सोडलं.

त्यांना बाईंनी माझ्याकडे आणलं. "हे घरी प्रार्थना करतात, पण पाळकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं," त्या म्हणाल्या. पाळकांचं घर शेजारीच.

सरांच्या मांडीवर प्रशस्तिपत्रांची फाइल होती. पाऊण तास ते अपमानाबद्दल बोलले आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. पाळकांनी आधी घरी येऊन, चहा घेऊन सांगायला हवं होतं. दुखावलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत "नम्र व्हा" म्हणणं मला जखमेवर मीठ चोळण्यासारखं वाटतं, म्हणून मी तो शब्दच काढला नाही.

सरांनी तो स्वतःच काढला. दुसऱ्या भेटीला आले ते उत्साहात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात मेजवानीला गेल्यावर शेवटच्या जागी बसावं असं येशू सांगतो, तसं ते दोन रविवार शेवटच्या बाकावर बसले होते.

"मग?"

"पाळक एकदाही 'सर, पुढे या' म्हणाले नाहीत हो!"

मी हसलो. क्षणभराने तेही हसले. त्याच अध्यायात यजमान येऊन वर बसायला सांगतो, आणि सर त्या पुढच्या ओळीची वाट बघत बसले होते.

मग त्यांनी दुसरं टोक धरलं. "मी नालायक आहे, माझी सेवा देवाला नकोच होती." आपल्याकडे यालाच नम्रता समजतात. पण त्या वाक्यांत 'मी' आणि 'माझी' आधीइतकेच होते. प्रेषित पौलाने कलस्सैच्या मंडळीला पत्र लिहिताना दिखाऊ लीनतेपासून उगाच सावध केलेलं नाही.

मी विचारलं, "तो मुलगा वाजवतो कसा?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग फाइलची नाडी सोडत-बांधत बोलले. सरांचा आवाज चढा, म्हणून पेटी कायम काळी तीनच्या उंच पट्टीत. मागच्या बाकांवरचे म्हातारे धृपद म्हणायचे आणि अंतरा आला की गप्प. सरांना वाटायचं, म्हाताऱ्यांना गाणी पाठ नाहीत. त्या मुलाने ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटण दाबून पट्टी खाली काळी एकवर आणली आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या सरांच्या दोन्ही बाजूंनी म्हातारे अख्खं गीत गायले.

"22 वर्षं मला कोणी सांगितलं नाही," सर म्हणाले. मग हळूच, "सांगितलं असतं तर ऐकलं नसतं."

त्या दिवशी आम्ही योहानाचा 13 वा अध्याय वाचला. तिथे आपण सगळे येशूकडे बघतो. तो कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. मला मात्र त्यातला शिष्य पेत्र जास्त ओळखीचा वाटतो. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला हे किती नम्र! येशूने ते चालवून घेतलं नाही. सरांनी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी स्वतः लोकांचे पाय धुतले होते, पण कोणाकडून काही घेणं त्यांना कधी जमलं नव्हतं. गर्व वाकण्यापेक्षा घेण्यापाशी जास्त अडतो, असा माझा अनुभव आहे.

काम मी एकच दिलं. त्या मुलाला ते बटण दाखवायला सांगायचं आणि तो शिकवत असताना आपण काही शिकवायचं नाही. सर भडकले. "एवढ्यासाठी तुमच्याकडे येतो का?" मला बायबलमधला सेनापती नामान आठवला. कोड घालवायला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, एवढंच संदेष्टा अलीशाने सांगितलं, म्हणून तोही असाच चिडला होता. दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) आमच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणाला. अवघड काम दिलं असतं, तर केलं असतं.

(हा दाखला नेमका सुचला म्हणून मी संध्याकाळभर स्वतःवर खूश होतो, हेही कबूल करतो.)

सर पाच आठवड्यांनी मुलाकडे गेले. मुलगा घाबरून उभाच राहिला. "सर, तुम्ही बसा, मी उभ्यानं दाखवतो." सरांनी त्याला शेजारी बसवलं. बटण दोन मिनिटांत कळलं, तरी ते अर्धा तास बसले.

हल्ली सर तिसऱ्या बाकावर असतात, बाईंच्या शेजारी. परवा त्यांचा फोन आला. "पोरगं तिसऱ्या कडव्याला लय पळवतं."

"सांगितलंत त्याला?"

"नाही. तीन रविवार झाले, जीभ चावून बसलोय." मग थांबून म्हणाले, "त्यानं विचारलं तर सांगू ना?"

"विचारलं तर जरूर सांगा."

"आणि नाहीच विचारलं तर?"